मांडीवर बसून बघायचा सिनेमा

आमच्या टर्न कोव्हच्या हॉलच्या दारावर लागणारा पुठ्ठा गेली एकतीस वर्षं मी लिहिते. हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी दोन वाजता तिथे लहान मुलांसाठी सिनेमा असतो. शुक्रवारी सकाळी माझा पुठ्ठा दारावर लागतो. वर सिनेमाचं नाव आणि खाली तीनपैकी एक शब्द: ‘एकट्याने’, ‘मांडीवर’ किंवा ‘नको’. एकट्याने म्हणजे पोराला दारात सोडा आणि खुशाल घरी जाऊन आपली कामं करा. मांडीवर म्हणजे सोबत मोठं माणूस हवं, ज्याच्या कुशीत तोंड लपवता येईल. आणि नको म्हणजे नको. एकतीस वर्षांत ‘नको’ मी चारदाच लिहिलं. त्यातला एकही सिनेमा भीतीचा नव्हता. चारही खोटारडे होते.

माझी पद्धत साधी आहे. गुरुवारी सकाळी समिती सिनेमा बघून घेते. शनिवारी मात्र मी पडद्याकडे पाठ करून, पहिल्या रांगेपुढे खुर्ची टाकून बसते आणि मुलांकडे बघते. कोण डोळे मिटतं, कोण शेजाऱ्याचा हात धरतं, कोण खुर्चीखाली शिरतं. माझा शब्द बरोबर होता की चुकला, ते तिथे कळतं. बावीस वर्षं मी गावच्या शाळेत शिकवलं, पण मुलांबद्दल जे मला ठाऊक आहे त्यातलं निम्मं या खुर्चीने शिकवलं. कॉडची मासेमारी बंद झाली, गावं रिकामी झाली, शाळेला कुलूप लागलं, त्याच्या पुढच्या वर्षी मी ती खुर्ची टाकली.

समितीत आम्ही तिघं. सेल्बी राइडआउट यंत्र चालवतो. तो ऐंशीचा आहे. पूर्वी रिळं फिरवायचा, आता एक बटण दाबतो आणि तेवढ्यासाठीही दोन चष्मे लावतो. वर्ना कीपिंग अध्यक्ष. ती माझी विद्यार्थिनी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. साठी ओलांडलेली प्रत्येक बाई आमच्याकडे सगळ्यांची मावशी होते, त्यामुळे मी गावाला ड्रू मावशी. वर्ना मात्र अजून मला बाई म्हणते. आणि तिसरी मी.

मार्चचा दुसरा आठवडा होता. खाडीत बर्फ इतका दाटला होता की धक्क्यावरच्या बोटी जमिनीवर ठेवल्यासारख्या दिसत होत्या. शहराच्या वाचनालयातून त्या आठवड्यात आलेला सिनेमा होता एका टर पक्ष्याच्या पिल्लाचा. टर म्हणजे आमचा काळा-पांढरा समुद्रपक्षी, थंडीत आम्ही तो भाजून खातो. गुरुवारी सकाळी आम्ही हॉलमधली शेगडी पेटवली, वर्नाने डब्यातलं दूध घालून चहा केला, मी पावाच्या पिठाच्या तळलेल्या लाट्या आणि काकवी आणली होती. सेल्बीने बटण दाबलं.

पडद्यावर कडा आला. कड्यावर हजारो पक्षी आणि मधोमध गोल डोळ्यांचं एक गुबगुबीत पिल्लू.

“हे बघा, याचे सहा चुलतभाऊ माझ्या फ्रीझरमध्ये पडलेत,” सेल्बी म्हणाला.

“गप रे.”

“गप काय? रविवारी एक पोर ताटाला हात लावणार नाही. मागे त्या बोलणाऱ्या कोंबडीचा सिनेमा लावलात, तर माझी नात महिनाभर अंड्याची माफी मागत होती.”

सिनेमा चांगला होता. ज्याने काढला त्याने टर पक्षी जवळून पाहिले असणार. उडता येण्याआधीच पिल्लू कड्यावरून समुद्रात उडी मारतं, खाली बाप हाका मारत असतो आणि पुढचे कितीतरी आठवडे बापच त्याला पाण्यात सांभाळतो, हे आमच्याकडे सगळे जाणतात. सिनेमात तस्संच होतं. गमती होत्या, एक चहाटळ सील होता, वाट चुकलेला एक देवमासा होता. सेल्बी दोनदा इतका हसला की चहा सांडला.

मग वादळ येतं. बर्फाचे तुकडे एकमेकांवर चालून येतात. बाप पिल्लाला चोचीने ढकलून एका लादीवर चढवतो. लाद्या मिटतात. पिल्लू वर, बाप खाली. सकाळ होते आणि पिल्लू हाका मारत राहतं. पडद्यावर कोणी येत नाही, गाणं लागत नाही, नुसती पिल्लाची हाक आणि वारा. खूप वेळ. आणि मग एक म्हातारी मादी जवळ येऊन म्हणते, “तो येणार नाही, बाळ. मी पाहिलं.” पिल्लू म्हणतं, “मग मी कुणीकडे जाऊ?” ती म्हणते, “तो तुला जिकडे नेत होता, तिकडेच.”

वर्ना उठली. “बंद कर.”

“अजून अर्धा आहे,” सेल्बी म्हणाला.

“बंद कर म्हणते ना!”

सेल्बीने बटण दाबलं. 

“नको,” वर्ना म्हणाली. “बाई, पुठ्ठ्यावर ‘नको’ लिहा. लहान मुलांना दाखवण्यासारखं नाही हे.”

लहान मुलं कोण, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. गावात दहा वर्षांखालची एकवीस मुलं आहेत, पण वर्नाच्या मनात एकच होतं: तिची नात कीली, सहा वर्षांची. नोव्हेंबरात वर्नाचा मुलगा ड्वेन बोट घेऊन गेला आणि आला नाही. तीन दिवसांनी बोटीचा पुढचा, नाळेकडचा भाग सापडला. ड्वेन सापडला नाही. त्या आठवड्यात कीली विचारत होती, बाबा कुठे, आणि वर्नाने तिला सांगितलं, बाबा अल्बर्टाला गेलेत.

आमच्याकडे या उत्तरावर कुठलंही पोर शंका घेत नाही. मासा गेल्यापासून निम्म्या गावाचे बाप तिकडे, देशाच्या दुसऱ्या टोकाला, तेलाच्या कामावर असतात. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा इकडे. कुणाचे दोन-दोन महिने तिकडे. वर्नाच्या तोंडून ते निघून गेलं, आणि निघून गेलेलं गावाने उचलून धरलं. दुकानात, चर्चमध्ये, दुसऱ्या गावच्या शाळेला जाणाऱ्या बसमध्ये कीली आली की सगळे ड्वेनबद्दल बोलायचे थांबत. अंत्यविधीची प्रार्थनाही झाली नाही, कारण वर्ना म्हणाली, सापडल्याशिवाय नाही. चार महिने झाले. आणि मी? मीसुद्धा चार महिने गप्प होते. दुकानात त्या मुलीने मला सांगितलं होतं, “ड्रू मावशी, बाबा येताना मला गुलाबी हेल्मेट आणणार आहेत,” तेव्हा मी म्हटलं होतं, “हो का गं?” हे मी विसरत नाही.

“वर्ना,” मी म्हटलं, “सिनेमा चांगला आहे. मी ‘मांडीवर’ लिहिणार.”

“बाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?”

“कळतंय.”

“मग तेवढा भाग वगळू. सेल्बी, पुढे ढकलता येतं ना?”

“येतं,” सेल्बी माझ्याकडे न बघता म्हणाला. “वादळापासून म्हातारीपर्यंत अकरा मिनिटं. देवमाशावरून थेट दक्षिणेच्या पाण्यावर. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“तुला कळणार नाही?” मी विचारलं. “सेल्बी, तू? तू तर तिथे होतास.”

तो चष्मा पुसत बसला.

तो तिथे होता. १९५८ सालचा मार्च, हाच हॉल, तेव्हा चर्चचा होता. मी सात वर्षांची, सेल्बी तेरा वर्षांचा. सिनेमा किनाऱ्याच्या बोटीने टिनाच्या डब्यातून यायचा, टपालाच्या पोत्यांबरोबर. वीज नव्हती. बाहेर जनरेटर घरघरत असायचा, आणि आत आम्ही ओल्या लोकरीचा वास मारत दाटीवाटीने बसलेले असायचो. त्या वर्षी चित्रांचा एक सिनेमा आला होता, म्हातारं अस्वल आणि त्याचं पिल्लू बर्फावरून घरी परततात असा. चर्चच्या बायकांनी तो आदल्या दिवशी बघितला होता आणि आपसांत काही ठरवलं होतं. ऐन मध्यावर मास्तरीणबाईंनी ऑर्गनची पट्टी दाबली, आम्हाला उभं केलं आणि प्रार्थनागीत म्हणायला लावलं. आणि दोन बायका यंत्रासमोर गोधडी धरून उभ्या राहिल्या.

ती गोधडी मला अजून दिसते. मी मान वळवून बघितलं, तर मागून यंत्राचा उजेड पडून तिचे तुकडे पेटल्यासारखे झाले होते. लाल, पिवळा आणि पिठाच्या पोत्याच्या कापडाचा पांढरा तुकडा, त्यावर गिरणीचं नाव उलटं उमटलेलं. आम्ही गाणं म्हणत होतो आणि गोधडीमागे काहीतरी हलत होतं. तीन कडवी झाली. गोधडी खाली आली. पिल्लू एकटंच चाललं होतं.

मी मोठ्याने विचारलं, “म्हातारं अस्वल कुठे गेलं?”

मास्तरीणबाई म्हणाल्या, “येईल हं मागून.”

आधीच्या शरद ऋतूत माझे वडील बोटीवर गेले होते आणि घरी मला सांगितलं होतं, ते लाकूडतोडीच्या छावणीत गेलेत. तेही मागून येणार होते. किनाऱ्याची बोट शिटी वाजवायची तेव्हा मी धक्क्यावर धावायचे. दोन उन्हाळे धावले. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचे पाय आधी बघायचे, कारण वडिलांची चाल मला ठाऊक होती. नवव्या वर्षी विटीदांडूच्या भांडणात एका मुलीने माझ्या तोंडावर सांगितलं, “तुझा बाप बुडालाय. सगळ्यांना माहीत आहे, येडे.” खेळ कुठे चालला होता, डाव कुणावर होता, सगळं लक्षात आहे. वडील गेल्याचं दुःख मला पुढे झालं. त्या दिवशी फक्त लाज वाटली. सगळं गाव मला धावताना बघत होतं.

गोधडीचं एक टोक सेल्बीच्या आईच्या हातात होतं. दुसरं माझ्या आईच्या.

“बाई, तेव्हाची गोष्ट वेगळी,” वर्ना म्हणाली. तिलाही ही कहाणी माहीत होती, गावात कुणाला नाही?

“काय वेगळं? तेव्हा छावणी होती, आता अल्बर्टा.”

हे मी बोलायला नको होतं, निदान त्या आवाजात नको होतं.  वर्नाने कोट उचलला. दारात थांबून म्हणाली, “तुम्हाला मुलगा नाही, बाई.” आणि गेली.

“झालं,” सेल्बी म्हणाला. “आता?”

“आता हे कर. एकतर सबंध सिनेमा लागेल, नाहीतर लागणार नाही. अकरा मिनिटं गाळलीस तर मी ‘नको’ लिहीन, आणि का लिहिलं तेही खाली लिहीन. ती सिनेमाची चकती इकडे दे.”

“कुठे चाललीस?”

“जिची मुलगी आहे तिच्याकडे.”

ड्वेनची बायको जोलीन टेकडीच्या पायथ्याशी राहते. ती आमच्या गावची नाही, पलीकडच्या खाडीतून लग्न होऊन आली, आणि सासूच्या शब्दापुढे जाणारी नाही. कीली शाळेत होती. बाहेरच्या पडवीत मी बर्फ झटकत होते, तेव्हा माझी नजर खाली गेली. जोड्यांच्या रांगेत ड्वेनचे कामाचे बूट. बोटांवर लोखंडी टोपी असलेले, पिवळ्या नाड्यांचे. अल्बर्टात कामावर उभं राहायला हे बूट लागतात, त्यांच्याशिवाय फाटकातून आत घेत नाहीत. ज्यांचे बाप तिकडे आहेत त्या प्रत्येक घरातून हे बूट बापाबरोबर जातात आणि त्याच्याबरोबर येतात.

जोलीनने मला आत घेतलं, खुर्ची दिली, आणि मी काय म्हणतेय ते ऐकता ऐकता तिचे हात थांबले. वाटाण्याचं सूप उतू गेलं तरी ती हलली नाही.

“तुम्ही कोण सांगणाऱ्या?” ती शेवटी म्हणाली. “मावशी, मी तुमचा मान ठेवते, पण तुम्ही कोण?”

“कोणी नाही. पुठ्ठा लिहिणारी बाई.”

“ती झोपते तरी आता. सुरुवातीला झोपत नव्हती. अल्बर्टा म्हटल्यावर झोपली. उद्या सांगितलं आणि परत झोपली नाही तर रात्री तुम्ही येणार आहात?”

“बोलावलंस तर येईन.”

“सोपं आहे हो बोलायला!”

“सोपं नाही गं. पण तिला कुणीतरी सांगणारच आहे. बसमध्ये सांगेल, खेळताना सांगेल, रागाच्या भरात सांगेल. तेव्हा तू तिथे नसशील. मी ‘मांडीवर’ लिहिणार आहे, जोलीन. शनिवारी ती मांडी तुझी असू शकते. नाही आणलंस तर नाही. मी पुन्हा तुझ्या दारात येणार नाही, कुणाला बोलणारही नाही. ही चकती ठेव. आधी तू एकटी बघ. उद्या सेल्बीकडे परत दे.”

तिने चकती टेबलावर उलटी ठेवली. मला बाहेर पोचवायला आली नाही.

शुक्रवारी सकाळी आठला मी पुठ्ठा लावला. ‘मांडीवर.’ नऊ वाजता दुकानात जाताना बघितलं, तर दार मोकळं. परत घरी गेले, दुसरा लिहिला. अकराला तोही गेला. तिसरा मी चिकटपट्टीने चारही बाजूंनी डकवला, तर जेवणाच्या वेळेपर्यंत फक्त पट्टीचे कोपरे राहिले होते. मग मी घरून हातोडी आणि बोटीच्या फळ्यांना मारायचे चार इंची खिळे आणले. हातोडी मारत होते तेव्हा वर्ना रस्त्याच्या पलीकडे तिच्या खिडकीत उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि आणखी दोन खिळे मारले. लेथा स्किनर दुकानाच्या पायरीवरून ओरडली, “ड्रू मावशी, दार ठेवा हं शिल्लक, उद्या उघडायचंय!”

शनिवारी हॉल भरला. मांडीवरचा सिनेमा असला की मोठेही येतात, आणि यावेळी काहीतरी होणार याचा वास गावाला लागला होता. अल्बर्टाहून आठवड्यासाठी आलेले दोन बापही आले, मोठे दांडगे गडी, एकेका गुडघ्यावर एकेक पोर. वर्ना सेल्बीच्या यंत्राशेजारी येऊन बसली, कोट अंगात तसाच. मी माझी खुर्ची पडद्याकडे पाठ करून टाकली. सेल्बीने विचारलं, “सबंध?” मी म्हटलं, “सबंध.” 

दिवे गेल्यावर दार उघडलं. जोलीन आणि कीली. चौथ्या रांगेच्या टोकाला जागा होती. जोलीन बसली, आणि कीलीला तिने मांडीवर घेतलं. मुलीचे पाय लांब झाले होते, जमिनीपर्यंत पोचत होते.

मी मुलांकडे बघत होते. कड्यावरची उडी झाली तेव्हा एकवीस तोंडं उघडली आणि एकवीस मिटली. सीलवर सगळे खिदळले. कीलीही हसली, पण ती हसल्यावर दर वेळी आईकडे बघत होती, आईला हसू आलं का ते. हे माझ्या खुर्चीतून मला दिसलं. असं मूल मी शाळेतही पाहिलं आहे. ते स्वतःपेक्षा मोठ्यांवर जास्त लक्ष ठेवतं.

वाऱ्याचा आवाज वाढला. मुलांच्या चेहऱ्यांवर निळा उजेड आला. वादळ. आणि अचानक त्या चेहऱ्यांवर अंधार पडला.

मी वळून बघितलं. पडद्यावर एक मोठी काळी सावली होती, खांद्यांची आणि दोन पसरलेल्या हातांची. वर्ना यंत्रासमोर उभी होती, कोट दोन्ही हातांनी उंच धरून. कोटाच्या कडेने पडद्यावर थोडा बर्फ हलताना दिसत होता, आणि आवाज तर सगळा येत होता. मुलं ओरडायला लागली. “ए, काय झालं? दिसत नाहीये!”

मी उठले. सत्तर वर्षांपूर्वीचा राग घेऊन उठले, खोटं कशाला सांगू. “वर्ना, खाली घे तो कोट.”

“नाही घेणार.”

“खाली घे म्हणते!”

“बाई, ओरडा तुम्ही. मी नाही घेणार. मला नाही बघायचं ते, कळलं? मला नाही बघायचं.”

 तोपर्यंत मला वाटत होतं, ती कोट कीलीसाठी धरून उभी आहे. आणि सात वर्षांच्या माझ्यासमोर गोधडी धरून उभी असलेली माझी आई तेव्हा तीस वर्षांची होती. तिचा चेहरा कुठल्या बाजूला होता, हे मी कधी आठवून बघितलंच नव्हतं. पडद्याकडे तिची पाठ होती.

पिल्लाच्या हाका सुरू झाल्या होत्या. 

“आजी,” चौथ्या रांगेतून आवाज आला. “आजी, बाजूला हो ना. मला बघायचंय.”

वर्ना हलली नाही.

“आजी, मला माहितीये काय होतं ते. बाबा टर मेला. हो बाजूला.”

कोट आधी एका बाजूने खाली आला, मग दुसऱ्या. पडद्यावर पिल्लू लादीवर उभं होतं. ते हाका मारत राहिलं, म्हणजे फार वेळ मारत राहिलं, गुरुवारी वाटला होता त्याहून जास्त. दोघा दांडग्या बापांपैकी एकजण नाक पुसत होता. मी पुन्हा खुर्चीवर बसले, मुलांकडे तोंड करून, कारण ते माझं काम आहे.

म्हातारी मादी आली. तिने सांगितलं, तो येणार नाही.

कीलीने मान वळवली. ती हळू बोलली, पण हॉलभर ऐकू गेलं. “आई, आपला बाबापण नाही येणार ना?”

जोलीनने तिला घट्ट धरलं होतं. ती म्हणाली, “नाही राणी. बोट बुडाली. बाबा नाही येणार.”

“मला वाटलंच,” कीली म्हणाली. “बूट इथेच आहेत ना त्याचे. बूट न घेता कोण जातं अल्बर्टाला?”

 चार महिने सगळं गाव तिच्यापासून लपवत होतं, आणि ती रोज शाळेला जाताना त्या बुटांशेजारी आपले बूट घालत होती.

“मग मला का नाही विचारलंस गं?” जोलीन म्हणाली.

“तू रडली असतीस.” मग मागे यंत्राकडे बघून ती म्हणाली, “आणि आजीपण.”

ती तेव्हा रडली. सहा वर्षांचं मूल रडतं तशी, तोंड उघडून, शेंबूड काढून, आईच्या स्वेटरमध्ये. जोलीनही रडली. आजूबाजूची पोरं थोडा वेळ बघत राहिली आणि मग पडद्याकडे वळली, कारण पिल्लू आता पाण्यात उतरलं होतं आणि मागून एक शार्क येत होता. मुलं असतातच तशी. बरं आहे.

सिनेमा संपायला वीस मिनिटं असतील तेव्हा कीली आईच्या मांडीवरून उतरली. हॉलच्या मधल्या वाटेने चालत यंत्रापर्यंत गेली. वर्ना कोट पोटाशी धरून बाकावर बसली होती, डोळे मिटून. कीलीने तो कोट बाजूला सारला आणि तिच्या मांडीवर चढून बसली.

“आजी, डोळे उघड. आता ते पोचणारे. देवमासा परत येतो बघ, मला वाटतं.”

देवमासा परत आला. वर्नाने डोळे उघडले की नाही, ते मला दिसलं नाही. सेल्बी दोन्ही चष्मे काढून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

पुढच्या रविवारी गावात टर भाजले गेले, आणि सेल्बीच्या नातीने दोन तंगड्या खाल्ल्या असं तोच सांगत होता. कीली तीन रात्री झोपली नाही. दुसऱ्या रात्री जोलीनने मला फोन केला, मी गेले आणि आम्ही तिघी पहाटेपर्यंत पत्ते खेळलो. एप्रिलमध्ये बर्फ फुटला तेव्हा चर्चमध्ये ड्वेनसाठी प्रार्थना झाली. वर्ना पहिल्या बाकावर होती. माझ्याशी बोलली नाही.

ती बोलली मे महिन्यात, दुकानात, पिठाच्या पोत्यांपाशी.

“बाई, मी तुम्हाला माफ केलेलं नाही.”

“मी माफी मागितलीच नाही.”

“पुठ्ठ्याचे खिळे तुम्हीच काढा. दाराचं लाकूड चिरलंय.”

“काढणार नाही. राहू दे.”

ती पोत्यावरचं पीठ झटकत राहिली. मग म्हणाली, “यंदा उन्हाळ्यातही शनिवार चालू ठेवायचे म्हणतायत. पुढचा कुठला आलाय?”

“अस्वलाचा.”

“मरतं?”

“बघितलं नाही अजून.”

“मग गुरुवारी नऊला,” वर्ना म्हणाली. “चहा मी आणते. तुमचा फार पातळ असतो.”